टाकीतले पशुधन : रासायनिक सांडपाणी जिवाणू कसे शुद्ध करतात

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या सूत-कापड रंगवणाऱ्या अथवा रसायने बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगाला गेल्यास तेथे सांडपाणी शुद्ध करण्याचा विभाग दिसतो. त्याला सगळेजण ईटीपी (एफ्लुएंट ट्रीटमेंट प्लँट) म्हणतात. त्यातील सर्वांत मोठ्या टाकीजवळ नवखा माणूस हमखास नाक मुरडतो, कारण तिच्यातले पाणी चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी व गढूळ असते, तळातून सोडलेल्या हवेने ते अखंड खदखदत असते आणि वर फेस तरंगत असतो. साऱ्या कारखान्याची घाण येथेच साठवली आहे, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो तपकिरी गढूळपणा म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंचे कळप आहेत, आणि टाकीची प्रकृती ठीक असेल तर तेथे दुर्गंधी नव्हे, ओल्या मातीसारखा वास येतो. या टाकीला यंत्र समजून चालवणारे लोक वारंवार अडचणीत येतात आणि तिला गोठा समजून चालवणाऱ्यांचे बहुधा निभावते, असे माझे मत आहे. पुढील विवेचन त्याच अंगाने केले आहे.

जिवाणू करतात ते काम मुळात साधे आहे. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कार्बनची संयुगे, ते खातात. त्यांतला काही भाग ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळून ऊर्जा मिळवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते, आणि उरलेल्या, ढोबळमानाने निम्म्या, भागातून स्वतःचे शरीर वाढवतात व नवे जिवाणू जन्माला घालतात. म्हणजेच प्रदूषक पदार्थ सगळाच नाहीसा होत नाही. विरघळलेल्या, गाळता न येणाऱ्या रूपातून तो तळाशी बसणाऱ्या गाळाच्या रूपात येतो आणि मग पाण्यापासून वेगळा काढता येतो. जिवाणू एकमेकांना चिकटून कापसाच्या पिंज्यासारखे पुंजके बनवतात, हे पुंजके पुढच्या शांत टाकीत, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये, खाली बसतात आणि वरचे नितळ पाणी वाहून जाते.

खाली बसलेल्या या गाळाचे काय करायचे, यातच साऱ्या पद्धतीचे मर्म आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी शहरी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली, तेव्हा पहिल्या खेपेस ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. वरचे पाणी काढून घेऊन तळाचा गाळ त्यांनी तसाच ठेवला व त्यावर नवे मैलापाणी ओतले. असे पुन्हापुन्हा केल्यावर तेच काम काही तासांत होऊ लागले. १९१४ साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि त्या गाळाला ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’, म्हणजे सक्रिय गाळ, असे नाव दिले. ज्यांच्या घरी रोज दही लागते त्यांना यात नवल वाटणार नाही, कारण कालच्या दह्यातले चमचाभर विरजण आज ठेवले नाही तर उद्या दूध नासण्याचीच शक्यता अधिक. या प्रयोगांना प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आजही बहुतेक ईटीपींमध्ये क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ पंपाने सतत हवेच्या टाकीत परत आणला जातो, आणि त्या टाकीतील एकूण घन पदार्थ, ज्यांना एमएलएसएस म्हणतात, लिटरमागे ३,००० ते ४,००० मिलिग्रॅमच्या आसपास राखले जातात.

येथपर्यंतची गोष्ट मैलापाण्याला पुरेशी आहे. कारखान्याच्या पाण्यात मात्र पहिला प्रश्न असा उभा राहतो की आपण जे खायला घालतो आहोत ते जिवाणूंचे अन्न आहे का. हे ठरवण्यासाठी दोन मोजमापे वापरतात. सीओडी (केमिकल ऑक्सिजन डिमांड) या चाचणीत पाण्याचा नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्ल व पोटॅशियम डायक्रोमेट यांच्यासह दोन तास उकळतात आणि रसायनाने जे जे जाळता येते ते जाळण्यासाठी किती ऑक्सिजन लागला असता, हे काढतात. बीओडी (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड) या चाचणीत तेच काम जिवाणूंवर सोपवतात: नमुना बाटलीत बंद करून ठेवायचा आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते पाहायचे. ही चाचणी मूळची इंग्लंडची, २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची. आपल्या उष्ण हवामानासाठी भारतात ती २७ अंशांना तीन दिवसांची करतात. बीओडी हा सीओडीच्या निम्मा किंवा त्याहून अधिक असेल, तर पाण्यातले बहुतेक पदार्थ जिवाणूंना सहज पचणारे आहेत, असे समजतात. तो तीन दशांशाच्या खाली असेल तर पचायला जड. ज्वारीची ताजी भाकरी आणि आपल्याकडची कडक भाकरी या दोहोंत धान्य तेच असते, पण दुसरी आमटीत चुरून भिजवल्याशिवाय दात नसलेल्या माणसाच्या उपयोगाची नसते. जिवाणूंना दात नसतात. मोठे, गुंतागुंतीचे किंवा क्लोरीनसारखे अणू चिकटलेले रेणू त्यांच्यापुढे तसेच ठेवले तर ते तसेच पुढे जातात.

बीओडीच्या आकड्याबाबत एक धोका येथेच सांगून ठेवतो, कारण त्याने भलेभले फसतात. रसायनाच्या पाण्याचा बीओडी कमी आला म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असे मुळीच नाही. त्या पाण्याने बाटलीतले जिवाणूच मेले असतील, तरीही ऑक्सिजन कमीच खर्च होणार. नमुना दुप्पट, चौपट पातळ करत गेल्यावर हिशेबाने निघणारा बीओडी वाढत गेला, तर पाण्यात विष आहे हे ओळखावे. त्याचप्रमाणे चाचणीत टाकलेले जिवाणू त्या रसायनाला सरावलेले नसतील, तरी आकडा खोटा कमी येतो. सीओडी ५,००० आणि बीओडी ४०० असा अहवाल समाधानाने पाहणाऱ्या व्यवस्थापकाने खरे म्हणजे त्या रात्री झोपू नये.

आता सोलापूरच्या पाण्यात काय काय असते ते पाहू. चादर आणि टॉवेल या आपल्या दोन ओळखींच्या मागे सुताची व कापडाची ओली प्रक्रिया असते. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात, ज्याला यंत्रमागवाले सायझिंग म्हणतात. नंतर रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढावी लागते. खळ पिष्टाची असेल तर ती जिवाणूंची मेजवानीच, त्यामुळे धुण्याच्या या पाण्याचा बीओडी फार मोठा असतो पण तो पचतो. त्यानंतर कॉस्टिक सोड्यात उकळणे, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करणे आणि रंगवणे. कॉस्टिकमुळे पाण्याचा सामू (पीएच) ११–१२ पर्यंत जातो, तर जिवाणूंना साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान राहायला आवडते. पेरॉक्साइड हे तर जखमेतले जंतू मारण्यासाठी वापरले जाणारे औषध; त्याचा उरलेला द्राव थेट टाकीत गेला तर परिणाम सांगायला नको. जिल्ह्यातील दुसरा प्रकार औषधांचे मूळ घटक आणि अमाइन्ससारखी नायट्रोजनयुक्त रसायने बनवणाऱ्या कारखान्यांचा, ज्यांच्या पाण्यात द्रावके, नायट्रोजनयुक्त संयुगे आणि प्रत्येक बॅचगणिक बदलणारे काहीतरी असते. तिसरा प्रकार साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांचा, ज्यांच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावाचा, सीओडी लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो.

विषारी रसायन जिवाणू खातात तरी कसे, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. फिनॉलचे उदाहरण घेऊ. फिनॉल हे जंतुनाशक म्हणून शस्त्रक्रियेत वापरले गेलेले रसायन, आणि तरीही स्यूडोमोनास वर्गातील अनेक जिवाणू त्याच्यावर जगू शकतात. हे केवळ प्रमाणावर अवलंबून असते: पातळ असताना ते अन्न, दाट झाले की विष. फिनॉलचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले, तर जिवाणूंच्या खाण्याचा वेग आधी वाढतो, एका टप्प्याला कमाल गाठतो आणि पुढे घसरत जाऊन थांबतो. टाकी चालवणाऱ्याला त्या कमाल बिंदूच्या अलीकडेच राहायचे असते. यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे सुरुवातीची समतोल टाकी, म्हणजे इक्वलायझेशन टँक, जिच्यात दिवसभराचे आम्लाचे, अल्कलीचे, गरम, गार, दाट, पातळ असे सगळे पाणी एकत्र ढवळून मग सारख्या गतीने पुढे सोडले जाते. जागा वाचवण्यासाठी ही टाकी लहान बांधणे हा मी पाहिलेला सर्वांत महागडा काटकसरीचा प्रकार आहे.

दुसरे साधन सराव. नवे रसायन टाकीत आणायचे झाल्यास आधी एकूण पाण्याच्या पाच टक्के, मग दहा, मग वीस असे काही आठवड्यांत वाढवत नेतात. या काळात ते रसायन पचवण्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम्स) ज्यांच्याकडे आहेत त्या जिवाणूंची संख्या वाढते, आणि ती विकरे बनवण्याची माहिती असणारे जनुकांचे छोटे तुकडे, ज्यांना प्लास्मिड म्हणतात, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. याच गुणाचा उपयोग करून आनंदमोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने खनिज तेलातील अनेक घटक पचवणारा स्यूडोमोनास तयार केला, आणि सजीवाचे पेटंट मिळू शकते का हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९८० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पिशव्यांतून व कॅनमधून ‘कल्चर’ विकणारे प्रतिनिधी ही थोर परंपरा आवर्जून सांगतात. टाकी नव्याने सुरू करताना किंवा अपघातानंतर अशा कल्चरचा उपयोग होऊ शकतो, हे खरे. पण बाहेरून आणलेले जिवाणू जेथे तग धरतील अशी परिस्थिती नसेल तर ते चार दिवसांत मरतात, आणि परिस्थिती असेल तर दुसऱ्या चालू ईटीपीचा टँकरभर गाळ किंवा शेणाचा पातळ काला यांनीही काम होते. जुने ऑपरेटर शेण आणि गूळ यांवरच टाकी उभी करतात आणि त्यात अडाणीपणा काही नाही.

जिवाणूंना नुसता कार्बन पुरत नाही. साधारणपणे बीओडीच्या दर १०० भागांमागे ५ भाग नायट्रोजन व १ भाग फॉस्फरस लागतो. रंगाच्या पाण्यात हे दोन्ही कमी असतात, म्हणून युरिया व डीएपी ही खते टाकीत घालतात. शेतकऱ्याच्या दुकानातली तीच पोती ईटीपीच्या कोपऱ्यात दिसतात ती यासाठी. अमाइन्सच्या पाण्यात परिस्थिती उलट असते, तेथे नायट्रोजन इतका असतो की तो काढणे हेच मुख्य काम होते. अमाइनमधला कार्बन खाल्ल्यावर नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट. हे दोघेही मंदगतीने वाढणारे व नाजूक असल्याने गाळ टाकीत दहा-पंधरा दिवस तरी मुरला पाहिजे, अन्यथा ते जन्मण्यापेक्षा लवकर वाहून जातात. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनसाठी सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन आणि ७ ग्रॅमहून थोडी अधिक (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) अल्कलता, म्हणजे आम्ल पेलण्याची पाण्याची क्षमता, खर्च होते. ती पुरवली नाही तर सामू घसरतो आणि सारे थांबते. शेवटी ऑक्सिजन नसलेल्या वेगळ्या टाकीत नायट्रेटमधला ऑक्सिजन काही जिवाणू श्वासासाठी वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. या टप्प्यावर खर्च झालेल्या अल्कलतेपैकी निम्मी परत मिळते, म्हणून जाणते लोक ही टाकी आधी ठेवून पाणी मागेपुढे फिरवतात.

ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे दुसरे मोठे कुटुंब स्पेंटवॉशसारख्या अतिदाट पाण्यासाठी कामी येते. अशा पाण्याला हवा पुरवायची म्हटले तर विजेच्या बिलातच कारखाना बुडेल. बंद टाकीत हे जिवाणू टप्प्याटप्प्याने सेंद्रिय पदार्थ मोडतात आणि शेवटी मिथेन तयार करतात. पचलेल्या दर किलो सीओडीमागे सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो आणि तो बॉयलरमध्ये जाळता येतो. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी विकसित केलेली, पाणी खालून वर चढवत गाळाच्या दाण्यांच्या थरातून नेण्याची पद्धत यूएएसबी या नावाने भारतातही रुजली. स्पेंटवॉशचा गडद तपकिरी रंग मात्र यातून जात नाही, कारण मेलॅनॉइडिन नावाचे ते रंगद्रव्य कडक भाकरीपेक्षाही कडक आहे.

कापडाच्या ॲझो रंगांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. या रंगांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा एक दुहेरी बंध असतो आणि रंग त्याच्यामुळे दिसतो. भरपूर ऑक्सिजन असताना जिवाणू या बंधाला सहसा हात लावत नाहीत. ऑक्सिजन नसताना मात्र ते तो तोडतात आणि पाणी फिके होते. पण तुटलेले तुकडे ॲरोमॅटिक अमाइन्स असतात, त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक, आणि ते पचवण्यासाठी पुन्हा हवेची टाकी लागते. म्हणून रंग गेला म्हणजे काम झाले असे समजून पहिल्याच टाकीनंतर पाणी सोडणे चुकीचे आहे. त्यातच व्हॅट रंगांसाठी वापरलेल्या हायड्रोसमुळे (सोडियम हायड्रोसल्फाइटमुळे) पाण्यात सल्फेट वाढलेले असेल, तर बंद टाकीत सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेनवाल्यांवर मात करतात आणि सडक्या अंड्यांचा वास पसरतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब निराळा धरावा लागतो. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.५ आणि ४० अंशांना ६.४, आपल्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. टाकीत २ मिलिग्रॅम शिल्लक राहावा लागतो. तापमान वाढते तसे जिवाणूंची भूक वाढते, आणि नेमका तेव्हाच ऑक्सिजन विरघळायला तयार नसतो. त्यातच रंगाच्या यंत्रातून ७०–८० अंशांचे पाणी न थंडावता आले आणि टाकी ४० अंशांच्या वर गेली, तर गाळ बसेनासा होतो. हवा सोडणारे ब्लोअर हे ईटीपीतील सर्वांत मोठे वीजग्राहक असल्याने रात्री ते बंद ठेवण्याचा मोह होतो. काही तास हवा तुटली की गाळ काळा पडू लागतो.

रोजची निगा राखायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. टाकीतले पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवावे. गाळ २५० ते ३५० मिलिलिटरच्या खुणेवर सुबकपणे बसला आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर बहुधा सारे ठीक आहे. गाळ ८०० वरच लोंबकळत राहिला, तर त्यात तंतूसारखे जिवाणू माजले आहेत आणि ऑक्सिजन किंवा खते कमी पडत असण्याची शक्यता आहे. साध्या सूक्ष्मदर्शकात देठावर डोलणाऱ्या घंटेसारखा व्हॉर्टिसेला हा प्राणी दिसला, तर त्याचा अर्थ गोठ्यात घंटेचा आवाज येतो आहे असाच. विष आले की जिवाणूंआधी हा नाहीसा होतो. आणखी एक प्रसंग दरवर्षी येतो: जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला किंवा दिवाळीला कारखाना आठवडाभर बंद राहतो आणि टाकीतले पशुधन उपाशी. तेव्हा हवा कमी वेळ पण रोज द्यावी, समतोल टाकीत आधीच साठवलेले पाणी किंवा गुळाचे पाणी थोडे थोडे सोडावे, आणि सुटीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकू नये.

एवढे सारे केल्यावरही एक गोष्ट जिवाणू कधीच करू शकत नाहीत. ते मीठ खात नाहीत. रिॲक्टिव्ह रंगाची गडद छटा सुतावर चढवण्यासाठी दर लिटर द्रावात ५० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतात. एक किलो सुताला दहा लिटर द्राव धरला आणि मीठ ६० ग्रॅम धरले, तर किलोमागे ६०० ग्रॅम मीठ होते. टनभर सुतामागे सहा क्विंटल. सुतावर रंग राहतो, तोही साधारण ६० ते ८० टक्केच, आणि मीठ सगळे पाण्याबरोबर निघून जाते. हवेच्या टाकीतून, क्लॅरिफायरमधून, वाळूच्या गाळणीतून ते जसेच्या तसे पार होते. सीओडी २५० आणि बीओडी ३० या मर्यादांत बसणारे, दिसायला नितळ पाणी म्हणूनच शेतीला घातक ठरू शकते: सोडियममुळे आपल्या काळ्या जमिनीचे कण सुटे होऊन पोत बिघडतो, पाणी मुरेनासे होते आणि वर पांढरी खपली येते. पावसाळा सोडला तर आपल्या ओढ्यांत व सीना नदीत ते मीठ पातळ करायला पाणी तरी कुठे असते?

तमिळनाडूतील तिरुपूरच्या रंगशाळांना याच मिठामुळे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली टाळे लागले होते. त्यानंतर तेथे सांडपाणी बाहेरच न सोडण्याची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली: जैविक प्रक्रियेनंतर आरओच्या पडद्यांतून पाणी परत मिळवायचे आणि उरलेला खारा द्राव वाफेवर आटवून मीठ घन स्वरूपात काढायचे. आरओच्या पडद्यांवर सेंद्रिय पदार्थांचा थर बसू नये म्हणून आधीची जैविक टाकी उत्तम चालावी लागते, त्यामुळे जिवाणूंची गरज येथेही संपत नाही. आटवण्याचा खर्च मात्र पाण्याच्या लिटरांवर ठरतो. रंगाचा पहिला द्राव व त्यानंतरची एक धुलाई यांतच बहुतेक मीठ असते, आणि नंतरच्या चार-पाच धुलायांचे पाणी तुलनेने गोडे. ही दोन पाणी एकाच गटारात सोडली की दहा हजार लिटर खाऱ्या पाण्याचे तीस-पस्तीस हजार लिटर खारे पाणी होते. रसायनांच्या कारखान्यातही रिॲक्टरमधील पहिला दाट द्राव वेगळा काढून त्यातले द्रावक उकळून परत घेता येते, विषारी भागावर लोह व पेरॉक्साइडची फेंटन प्रक्रिया करून कडक रेणू चुरता येतात, आणि मगच तो जिवाणूंपुढे ठेवता येतो. रंगाच्या यंत्राच्या तळाशी एका निचऱ्याऐवजी दोन निचरे आणि त्यांच्यावर दोन झडपा बसवायला लागणारा खर्च, आटवण्याच्या संयंत्राच्या एका महिन्याच्या वाफेशेजारी ठेवून एकदा पाहावा. अनेक रंगशाळांत अजून एकच निचरा आहे.